जिलबी का गेली?

ठाण्यात घोडबंदर रोडला आईसोबत राहणाऱ्या सत्तावीस वर्षांच्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. नोकरी ऐरोलीला, सापांचं वेड शाळेपासूनचं. बरीच वर्षं वाचून, माहिती काढून, रीतसर कागदपत्रं करून त्याने एका ब्रीडरकडून बॉल पायथनचं, म्हणजे आफ्रिकेतल्या एका लहान बिनविषारी अजगराचं, पिल्लू आणलं. सदा वेटोळं करून बसायची, म्हणून तिचं नाव जिलबी. आईचा आधी कडाडून विरोध होता. महिनाभरात मात्र तीच दुपारी थर्मोस्टॅटवरचा आकडा पाहून त्याला ऑफिसात फोन करू लागली, ‘एकतीस दाखवतंय, ठीक ना?’

पिल्लू खात होतं. दोनदा अख्खी कात टाकली होती. जूनमध्ये एकदा तिने उंदराचं पिल्लू नाकारलं आणि चार-पाच दिवसांनी सकाळी ती पाण्याच्या भांड्याशेजारी मेलेली सापडली. जखम नाही, ओकलेलं काही नाही. घाबरून त्याने तिला आइस्क्रीमच्या डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवलं. दोन दिवसांनी डॉक्टर म्हणाले, बाहेरून काही दिसत नाही आणि गोठल्यामुळे आतलंही नीट सांगता येणार नाही.

तेव्हापासून चार गोष्टी त्याच्या डोक्यातून जात नाहीत. सोसायटीने मजल्यावर झुरळांची फवारणी केली होती. पहिल्या पावसात रात्री तीन तास वीज गेली होती. खाऊ घातल्याच्या दुसऱ्याच दिवशी मामेभावाने तिला हातात घेतलं होतं. आणि तिने खाणं नाकारलं तेव्हा तो डॉक्टरांकडे न जाता थांबला. आई म्हणते, घरात साप मेला, सर्पहत्येचा दोष लागेल, त्र्यंबकेश्वरला जाऊन नागबळी करू. मित्र म्हणतात, ‘साप होता रे, कुत्रा थोडाच होता.’ ब्रीडर म्हणतो, दुसरं पिल्लू फुकट देतो. डबा अजून फ्रीजरमध्ये आहे. तिला येऊरच्या जंगलात पुरावं असं त्याच्या मनात आहे. तो विचारतो, ‘ताई, कारण कळलं असतं तर मी सहन केलं असतं. माझं काय चुकलं? आणि ज्या जिवाला माझ्याविषयी काही वाटतच नव्हतं, त्याच्यासाठी मी इतका का रडतोय?’

प्रिय मित्रा,

जिलबी गेली याचं मला फार वाईट वाटलं. हे सगळ्यात आधी लिहिते, कारण तुझ्या पत्रावरून असं दिसतं की एवढं साधं वाक्य अजून तुला कुणीच म्हटलेलं नाही.

तुझा शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण बाकीच्या सगळ्यावर त्याची सावली आहे. साप प्रेम करत नाही, मग माझं दुःख खरं कसं, असं तू विचारतोस. जणू आपल्याला जेवढं प्रेम मिळालं तेवढंच रडण्याचा हक्क आपल्याला असतो. सापाचं जग बरंचसं वासाचं असतं. जीभ बाहेर काढून तो हवेतले कण टाळूतल्या जेकबसन इंद्रियापर्यंत नेतो आणि त्यातून आजूबाजूला काय आहे, कोण आहे, हे त्याला कळतं. तुझ्या हाताचा वास त्या जगात रोज येत होता, आणि त्या हातावर ती ताण न घेता बसत होती. २०२० साली कॅनडातल्या संशोधकांनी गार्टर सापांवर केलेल्या अभ्यासात असं दिसलं की ते कुणाजवळही जाऊन बसत नाहीत, ठरावीक सोबती निवडतात. यावरून जिलबीचं तुझ्यावर प्रेम होतं असं मी म्हणणार नाही. पण सापाच्या आत काहीच चालत नाही, असं जे तुझे मित्र गृहीत धरतात, तेही खरं नाही.

आणि समजा तिला तू म्हणजे फक्त एक उबदार, न चावणारी जागा वाटत असलास, तरी तुझ्या बाजूने काय होतं ते बघ. बॉल पायथन नीट सांभाळला तर वीस-तीस वर्षं जगतो. सत्ताविसाव्या वर्षी तू असा जीव घरात आणलास, जो तू पन्नाशीला येईपर्यंत तुझ्यासोबत राहू शकला असता. तिच्यासाठी तू खोलीची मांडणी बदललीस, सुट्टीचे बेत बदललेस, आईशी भांडलास आणि मग आईला समजावलंस. हे सगळं एका सकाळी थांबलं. सांभाळणाऱ्याचं दुःख सांभाळण्यातूनच येतं. ज्याला सांभाळलं त्याने पोच दिली की नाही, यावर ते अवलंबून नसतं. ज्या दुःखाला समाज दुःख म्हणून मान्यता देत नाही, त्याविषयी केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ पासून लिहिलं आहे. असं दुःख जास्त काळ रेंगाळतं, कारण ते बोलून मोकळं व्हायला जागाच मिळत नाही. मित्रांसमोर तू हसून विषय बदलतोस असं लिहिलं आहेस. तेच चाललं आहे तुझं.

आता त्या चार गोष्टी. त्या टाळून ‘जाऊ दे, तुझी काही चूक नाही’ असं म्हटलं तर तू विश्वास ठेवणार नाहीस आणि ते बरोबरही होणार नाही. म्हणून एकेक बघू.

फवारणी. हा संशय रास्त आहे. झुरळांसाठी वापरली जाणारी काही कीटकनाशकं सापांना खरोखर घातक असतात, पिल्लांना तर जास्तच. पण त्या विषाचा परिणाम बहुधा मज्जासंस्थेवर दिसतो. अंग थरथरतं, डोकं वाकडं होतं, उलटं केलं तर सरळ होता येत नाही. फवारणीनंतर दोन दिवसांनी तू तिला हातात घेतलंस आणि ती नेहमीसारखी मनगटाभोवती गुंडाळून बसली, हे तूच लिहिलं आहेस. फवारणी झाली जिन्यात आणि डक्टमध्ये, तुझ्या खोलीत नाही. शक्यता शून्य नाही, पण बारीक आहे.

वीज गेली ती रात्र. इथे तू स्वतःला उगाच छळतो आहेस. जूनमधल्या ठाण्याच्या रात्री बंद खोलीत तीन तासांत इतका गारवा येत नाही की मूळच्या पश्चिम आफ्रिकेतल्या या सापाने त्याने दगावावं. आपल्या हवेत मोठी भीती असते ती जास्त तापण्याची, पेटी उबदार ठेवणारी हीट मॅट बिघडून किंवा थर्मोस्टॅट न लावल्याने. आणि त्याबाबतीत तुझ्याकडे साक्षीदार आहे. तुझी आई रोज दुपारी आकडा बघत होती.

मामेभावाचा हात. खाल्ल्यावर लगेच हाताळलं तर साप खाल्लेलं ओकून टाकू शकतो, म्हणून दोन दिवस हात लावायचा नाही हा नियम चांगलाच आहे. पण ती ओकली नाही. ते खाणं पचलं, त्यानंतरही दिवस गेले. मामेभावाच्या घरी दुसरे साप किंवा सरडे असते, तर त्याच्या हातून गोचिडीसारखे बारीक जीव किंवा रोगजंतू येण्याचा प्रश्न होता. तसं तू काही लिहिलेलं नाहीस. त्या पोराला तू तेव्हापासून फोन केलेला नाहीस, असं मात्र लिहिलं आहेस. कर.

राहिला तो तुझा थांबण्याचा निर्णय, आणि मला वाटतं खरी बोच हीच आहे. बॉल पायथन खाणं नाकारण्यासाठी प्रसिद्धच आहेत. कात टाकायच्या आधी, जागा बदलल्यावर, ऋतू बदलल्यावर, कधी काहीच कारण नसताना ते तोंड फिरवतात. एका नकारानंतर आठवडाभर थांबणं हेच कुठलाही अनुभवी माणूस करतो, आणि फोन केला असतास तर बहुतेक डॉक्टरांनीही तेच सांगितलं असतं. त्याच दिवशी नेलं असतं तर काही सापडलंच नसतं, अशी हमी मी देत नाही. एवढंच म्हणते की आज तुला जे माहीत आहे ते त्या दिवशीच्या तुला माहीत नव्हतं, आणि तू त्या दिवशीच्या माणसावर आजच्या माहितीने खटला चालवतो आहेस.

या चारांपलीकडे जी कारणं असतात ती तुझ्या यादीत नाहीतच, कारण त्यात तू कुठेच नाहीस. अंड्यात असतानाच हृदयात किंवा आतड्यात राहिलेला दोष. ब्रीडरकडूनच सोबत आलेला संसर्ग. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी सापाच्या जठरात बसतो आणि महिनोन् महिने काही कळू देत नाही. अजगरांच्या जातीत फुप्फुसं पोखरणारे विषाणू आहेत, आणि सापाला आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला स्नायूंचा पडदा, नसतं, त्याला धड खोकताही येत नाही, त्यामुळे छातीतला आजार दिसायला लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. शिवाय आजारी आहे हे दाखवणारा साप जंगलात लगेच कुणाचं तरी भक्ष्य होतो, म्हणून शेवटपर्यंत काही न दाखवणं त्याच्या अंगातच असतं. जंगलात बॉल पायथनची मादी थोडीच अंडी घालते आणि जवळजवळ दोन महिने उपाशीपोटी त्यांना विळखा घालून बसते. इतकं करूनही त्यातली कितीतरी पिल्लं मोठी होत नाहीत.

फ्रीजरबद्दल खरं सांगते, म्हणजे तुला आणि इतरांना पुढे उपयोग होईल. मेलेल्या प्राण्याचं शवविच्छेदन करायचं असेल तर त्याला गोठवायचं नसतं. गोठताना पेशींमध्ये बर्फाचे कण होतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासारखं फारसं उरत नाही. पिशवीत गुंडाळून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, साधारण चार अंशांवर ठेवायचं आणि शक्यतो एका दिवसात पोहोचवायचं. ठाणे-नवी मुंबईकरांनी परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करावी. १८८६ पासूनची संस्था आहे. हे तुला कुणी सांगितलेलं नव्हतं आणि सकाळी सात वाजता मेलेलं पिल्लू हातात असताना कुणाला सुचतही नाही. आणि ताजं नेलं असतंस तरी एवढ्या लहान पिल्लाच्या बाबतीत ठाम उत्तर मिळालंच असतं असं नाही. गोठवलेल्या शरीरावर विषाणूंची जनुकीय तपासणी अजूनही होऊ शकते. ती करावी का? घरात दुसरा साप असता तर मी हो म्हटलं असतं. आता ती फक्त तुझ्या मनाच्या समाधानासाठी होईल, आणि अहवालात ‘काही आढळलं नाही’ असं आलं तर तू पुन्हा फवारणीवर येशील. मी तुझ्या जागी असते तर थांबले असते.

आता मला खरं जे म्हणायचं आहे ते. तुझ्या घरात जिलबीच्या मृत्यूची दोन उत्तरं फिरत आहेत. आई म्हणते दोष, तू म्हणतोस चूक. तुला वाटतं आईचं उत्तर अंधश्रद्धेचं आणि तुझं विज्ञानाचं. पण दोन्ही उत्तरं एकाच घडणीची आहेत. एक जीव गेला म्हणजे कुणीतरी त्याला मारलं असलंच पाहिजे, कुणाच्या तरी डोक्यावर ते बसलंच पाहिजे, हे दोघांनीही धरून ठेवलं आहे. ‘कारण कळलं असतं तर सहन केलं असतं’ असं तू लिहितोस. कारण कळत नाही तेव्हा आपल्याला इतकं हतबल वाटतं की त्यापेक्षा गुन्हेगार होणं परवडतं. गुन्हेगाराच्या हातात निदान काहीतरी होतं! तुझ्या हातात बहुधा काहीच नव्हतं, आणि हे मान्य करणं तुला चुकीपेक्षा जड जातं आहे.

आईकडे मात्र वेगळ्या नजरेने बघ. पत्रात तू तिच्यावर चिडलेला आहेस. पण दुपारभर त्या पिल्लासोबत घरात कोण होतं? आकडा कोण बघत होतं? तू ऐरोलीला असताना जिलबी आईच्या नजरेखाली होती. ज्या बाईने सापाच्या नावाने घर डोक्यावर घेतलं होतं, तीच बाई रोज त्या काचेपाशी जाऊन उभी राहत होती. आपल्याकडून काही राहिलं का, बटण चुकून फिरलं का, पाणी बघायचं विसरलो का, हा प्रश्न तिलाही पडला नसेल? मला वाटतं ती दोष म्हणते तेव्हा त्यात तिची स्वतःची भीती मिसळलेली आहे, आणि ती तुला सांगता येत नाही म्हणून ती त्र्यंबकेश्वराचं नाव घेते.

नागबळीत काय करतात तुला माहीत आहे का? गव्हाच्या पिठाचा नाग करून त्याचे अंत्यसंस्कार करतात. म्हणजे तुझ्या सगळ्या ओळखीच्यांत जिलबीचे अंत्यसंस्कार व्हावेत असं म्हणणारी एकटी तुझी आई आहे. हे तू लक्षातच घेतलेलं नाहीस.

तरीही तो विधी करावा का? माझं मत नको असं आहे. तो विधी नाग मारल्याच्या पापासाठी आहे. तुझ्या आजच्या मनःस्थितीत तू त्या संकल्पाला बसलास तर ‘मी मारलं’ यावर शिक्का मारूनच परत येशील. पण हे आईला वाद घालून सांगू नकोस. तिला शेजारी बसव आणि म्हण, ‘आई, जिलबी माझ्या हातून मेली नाही आणि तुझ्याही हातून नाही. तू रोज बघत होतीस म्हणून ती निदान व्यवस्थित उबेत होती.’ हे दुसरं वाक्य नक्की म्हण. मग तिला विचार, आपण घरीच काय करूया? दिवा लावणं असेल, नैवेद्य असेल, तिला जे पटेल ते. श्रावणात नागपंचमी येईल. आई पाटावर गंधाने नाग काढून पूजा करत असेल तर या वर्षी तिच्याशेजारी जाऊन बस. तुझा त्यावर विश्वास असण्याची गरज नाही. आई मग एकटी त्र्यंबकेश्वरला जाते म्हणाली तर जाऊ दे, सोबतही जा, पण हत्येचा संकल्प सोडायला बसणार नाही एवढं तिला शांतपणे आधीच सांग.

आता तो डबा. मित्रा, तो या आठवड्यात बाहेर काढ. आईने तेव्हापासून फ्रीजर उघडलेला नाही असं तू लिहिलं आहेस. त्या माउलीचं स्वयंपाकघर अडून बसलं आहे. आधी एक काम मात्र कर. बॉल पायथन ही साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीतली जात आहे, म्हणून वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार तिची नोंद सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. तू ती केलेली आहेस. मृत्यूची माहितीही तिथे दे आणि डॉक्टरांकडून लेखी कागद घेऊन ठेव. नंतर तिला पुर.

येऊरला नको. तुला तिथे का न्यावंसं वाटतं ते समजतं. लहानपणी पहिला साप तू तिथे पाहिलास. पण ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, आणि परदेशी जातीचा, कारण न कळता मेलेला प्राणी तिथल्या मातीत घालणं म्हणजे तिथल्या धामणींना, अजगरांना एखादा नवा रोग देण्याचा धोका घेणं. तुझ्यासारख्या सापवेड्याला हे सांगावं लागू नये. गावी स्वतःची जमीन असेल तर तिथे खोल खड्डा कर. नसेल तर गॅलरीत मोठी, खोल कुंडी घे, तळाशी तिला ठेव, वर भरपूर माती घाल आणि खाण्याचं नसलेलं कुठलंही झाड लाव. खाडीत किंवा तलावपाळीच्या पाण्यात सोडण्याचा सल्ला कुणी देईल. तो घेऊ नकोस.

मित्रांचं थोडक्यात सांगते. सगळ्यांना पटवायला जाऊ नकोस. एकाला निवड, जो कमीत कमी हसतो, आणि त्याला सांग की मला या विषयावर दहा मिनिटं बोलायचं आहे, तू काही उपाय सुचवू नकोस. बाकीच्यांना ‘मला वाईट वाटतंय, चेष्टा नको’ एवढं एकदाच सांगून गप्प राहिलास तरी चालेल. रात्री उठून रिकामी काचपेटी बघायला जातोस, झोप लागत नाही, कामात लक्ष नाही, असं तू लिहिलं आहेस. आणखी दोन-तीन आठवडे हे असंच राहिलं तर समुपदेशकाला भेट. ठाण्यातच आयपीएच ही संस्था १९९० पासून मनाच्या आरोग्याचं काम करते आहे. घरबसल्या बोलायचं असेल तर सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. ‘सापासाठी फोन केला’ असं वाटून घेऊ नकोस.

इथे जरा थांबून दुसऱ्या काही वाचकांशी बोलते, कारण पावसाळ्यात अशीही पत्रं येतात. घणसोलीच्या, खारघरच्या सोसायटीत जिन्याखाली सापाचं पिल्लू सापडतं, पोरं ते बरणीत ठेवतात, काही दिवसांनी ते मरतं आणि का मेलं ते कळत नाही. बहुतेक वेळा ते कवड्या किंवा दिवड असतं. कधी ज्याला कवड्या समजून पकडलं ते मण्यार निघतं, आणि मण्यार अतिविषारी आहे. आपल्याकडचे साप घरात ठेवणं हा गुन्हा आहे, नाग-धामण-अजगर तर कडक संरक्षणात आहेत. आणि बरणीतलं ते पिल्लू भीतीने, उपासमारीने, पाण्यावाचून मरतं. त्याचं कारण शोधायची गरज नसते. हात न लावता लांब उभं राहा, नजर ठेवा, वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर किंवा वन विभागाकडे नोंद असलेल्या सर्पमित्राला फोन करा.

पुन्हा तुझ्याकडे. ब्रीडरच्या ‘फुकट दुसरं देतो’ने तुला अपमान वाटला आणि मोहही झाला, आणि मोहाची लाज वाटली. त्यात लाजण्यासारखं काही नाही. दुसरा साप आणणं म्हणजे जिलबीला विसरणं नव्हे, आणि न आणणं म्हणजे तिच्याशी निष्ठा नव्हे. पण आत्ता आणू नकोस, आणि याची कारणं भावनेची कमी, व्यवहाराची जास्त आहेत. ती कशाने मेली हे माहीत नाही, म्हणजे तिच्या पेटीत काय शिल्लक आहे हेही माहीत नाही. क्रिप्टोस्पोरिडियमवर नेहमीची जंतुनाशकं फारशी चालत नाहीत. तेव्हा लाकडाचं, सालीचं, भुशाचं जे काही आत होतं ते सगळं टाकून दे, पाण्याचं भांडंही टाक. काचपेटी गरम पाण्याने घासून, उन्हात वाळवून काही महिने रिकामी राहू दे. मधल्या काळात सोसायटीच्या सेक्रेटरींना लेखी पत्र दे की फवारणीच्या आधी दोन दिवस सूचना मिळावी. पक्षी-मासे पाळणारी घरंही तुझ्या इमारतीत असतील, त्यांच्याही सह्या घे.

नंतर कधी आणलास तर पहिल्या आठवड्यात सापांची माहिती असलेल्या डॉक्टरांकडून विष्ठेची तपासणी करून घे. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन घे आणि वहीत तारीख, वजन, खाणं, कात, तापमान लिहीत जा. सापाचा आजार डोळ्यांना दिसण्याआधी वजनात दिसतो. घरात एकापेक्षा जास्त साप होणार असतील तर नव्याला निदान तीन महिने वेगळ्या खोलीत ठेव, त्याची भांडी वेगळी, हात धुतल्याशिवाय इकडून तिकडे जायचं नाही.

आणि ब्रीडरला आजच फोन कर, पण फुकटच्या पिल्लासाठी नाही. त्याला विचार की जिलबीसोबत त्याच अंड्यांतून निघालेली बाकीची पिल्लं कशी आहेत, कुणी दगावलं का, खाणं नाकारतंय का. त्याने नीट उत्तर दिलं तर दोन गोष्टी होतील. तुला मिळालीच तर थोडीफार खरी माहिती इथूनच मिळेल, आणि त्या अंड्यांतलं दुसरं एखादं पिल्लू ज्याच्या घरी गेलं आहे त्याला वेळेत सावध करता येईल. त्याने प्रश्न उडवून लावला, तर पुढचा साप त्याच्याकडून घ्यायचा नाही, हेही तिथेच ठरेल.

तुझी,
ताई